पळसाच्या द्रोणाला मेनू हवा

भाची पुण्यात असते. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो तर म्हणाली, "मामा, आज घरी स्वयंपाक नाही. तुम्हाला फ्रेंच बिस्ट्रोत नेते. जागा एवढीशी आहे, पण बसलं की उठावंसं वाटत नाही."

गेलो. दहा-बारा टेबलं, मंद पिवळा उजेड, भिंतीशी रचलेल्या बाटल्या, फळ्यावर खडूनं लिहिलेला मेनू. ताटल्या तळहाताएवढ्या. चार-पाच मागवायच्या, मधोमध ठेवायच्या आणि सगळ्यांनी थोडं थोडं चाखायचं. लोण्यात परतलेली अळंबी आली. भाजलेलं बीट आणि त्यावर शेळीच्या दुधाचं चीज आलं. कोंबडीच्या काळजाचा मऊ लेप लावलेला पाव आला. भाचीनं वाईनचा एक पेला घेतला आणि दीड तास पुरवला.

जेवण उत्तम होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते त्या जागेविरुद्ध नाही.

वाढणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. प्रत्येक ताटलीबरोबर तो दोन वाक्यं बोलायचा. चीज कुठल्या गावचं. वाईन फ्रान्समधल्या कुठल्या उताराची, तिथली माती कसली, त्या साली पाऊस कसा होता, बाग कुणाची. घोकलेलं असेल, असू दे. पण तो ते अभिमानानं सांगत होता. मी चंद्रपूरचा. माझं अर्धं आयुष्य हॉटेलात आणि खानावळीत जेवण्यात गेलं. माझ्या ताटातला भात कुणाच्या शेतातला, हे मला आजवर एकाही वाढणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

त्या भाताला तर नाव आहे. एचएमटी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही किराणा दुकानात हा तांदूळ मिळतो. तो आला कुठून? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावातून. दादाजी खोब्रागडे नावाच्या, दीड एकर जमिनीच्या दलित शेतकऱ्यानं १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडल्या, बी जपलं, वर्षानुवर्षं पेरून पाहिलं आणि हे वाण उभं केलं. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकांच्या मनगटावर असायची, म्हणून वाणाला घड्याळाचं नाव पडलं. पिकवणाऱ्याचं नाव पडलं नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. पैसा आला नाही. ३ जून २०१८ ला दादाजी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये वारले, तेव्हा घरात गरिबीच होती.

फ्रान्समध्ये पिकवणाऱ्याचं नाव बाटलीवर असतं. हे मी चिडून लिहितोय आणि चिडूनच वाचावं. ज्या देशानं १९२५ साली रोकफोर नावाच्या एका चीजसाठी कायदा केला, कुठल्या गुहेत मुरलं तर त्याला ते नाव लावायचं हे ठरवलं आणि १९३५ मध्ये वाईनच्या प्रत्येक मुलखाचं नाव राखायला सरकारी संस्था उभारली, त्या देशात दादाजींच्या गावाला पाट्या लागल्या असत्या. आपल्याकडे तांदळाच्या पोत्यावर व्यापाऱ्याचा फोटो छापतात.

बिस्ट्रो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंत माणसं येतात. मूळ तसं नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्न्य भागातली गरीब माणसं पॅरिसला आली. पाठीवर पाणी वाहिलं, लाकूड विकलं, कोळसा विकला. कोळशाच्या दुकानातच एका कोपऱ्यात बायको पेल्यानं वाईन द्यायची, बरोबर गावाकडचं काहीतरी खायला. पॅरिसच्या कितीतरी छोट्या कॅफेंची सुरुवात ही अशी. एका दाराशी कोळसा, दुसऱ्या दाराशी पेला. पॅरिसकर त्या माणसांना 'बुन्या' म्हणत. शब्द हेटाळणीचा होता, पुढं तो आपुलकीचा झाला.

मी कोळशाच्या शहरात राहतो. जमिनीखाली कोळसा, चिमणीतून धूर, उशाशी २,९२० मेगावॉटचं वीज केंद्र. इथल्या खाणीत पोंभुर्ण्याचा, मूलचा, राजुऱ्याचा, तेलंगणाच्या सीमेवरचा माणूस आला. तोही आपापल्या गावाकडची चव घेऊनच आला होता. पॅरिसनं कोळसेवाल्याच्या चवीला टेबल दिलं. चंद्रपूरनं दिलं नाही. इथं 'फॅमिली रेस्टॉरंट'च्या पाटीखाली पनीर बटर मसाला मिळतो. लुधियानात मिळतो तोच.

आता चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या छोट्या ताटल्या मांडतो. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या. पुण्याच्या त्या अळंबीला सात्यांची सर नाही. बायका पहाटे रानात जाऊन त्या शोधतात आणि दुपारपर्यंत रस्त्याकडेला पानावर मांडून विकतात. भाव मटणाला भिडतो आणि लोक देतातही. बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते. तरोट्याची कोवळी भाजी. धोप्याच्या पानांच्या वड्या. लाल मुंग्यांची चटणी, जिभेवर लिंबासारखी चढणारी. तलावातले झिंगे, वाळवलेले, कांद्यावर परतलेले. गोंडराजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांचा हा मुलूख आहे. भात आणि मासोळी इथं एकाच पाण्यातून येतात. रानातली चारं, टेंभरं. आणि हे सगळं वाढायला पळसाच्या पानाचा द्रोण. तळहाताएवढाच. थोडं थोडं, मधोमध ठेवून, सगळ्यांनी मिळून. ही रीत शिकायला आपल्याला फ्रान्सला जायची गरज नव्हती.

यातला एकही पदार्थ मला चंद्रपूरच्या एकाही हॉटेलच्या मेनूवर दिसलेला नाही. ताडोब्याच्या वेशीवर मी दोन-तीन रिसॉर्टांत जेवलो आहे. मुंबईहून, परदेशातून माणसं वाघ बघायला येतात, रानाच्या काठावर बसतात आणि पास्ता खातात. वाढणारा पोरगा शेजारच्याच गावचा. त्याच्या आईच्या हातचं तरोटं कसं होतं, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि त्यानं ते आपणहून सांगावं एवढा अभिमान आपण त्याच्यात शिल्लक ठेवलेला नाही. हा गुन्हा आहे. कुणाच्याच वहीत त्याची नोंद होत नाही.

आता वाईनकडे येतो, कारण बिस्ट्रोचा विषय वाईनशिवाय संपत नाही.

आमच्या रानात द्राक्ष नाही. मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर फुलं गळतात, पहाटे झाडाखाली पिवळट सडा पडतो. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. आदिवासी घरात हे फूल आधी अन्न आहे. भाजून खातात, शिजवून खातात, भाकरीत घालतात, लाडू करतात. दुष्काळात या फुलावर पिढ्या जगल्या. फळाच्या टोळीचं तेल निघतं. पूजेत, लग्नात, मरणात फुलाची दारूही लागते. पहिले थेंब जमिनीला, पूर्वजांना, मग माणसांना. आणि गावातल्या म्हाताऱ्या बाईला कुठल्या मोहाचं फूल जास्त गोड हे झाडागणिक ठाऊक असतं. शाळेमागचा मोह वेगळा, नाल्यावरचा वेगळा. पुण्याच्या त्या पोरानं उताराचं आणि मातीचं सांगितलं, तेच हे ज्ञान. तिकडं त्याला पदवी मिळते.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातून मोहफुलं जहाजानं फ्रान्सला जायची. तोच काळ, जेव्हा फिलॉक्सेरा नावाची कीड फ्रान्सच्या द्राक्षबागा खाऊन टाकत होती. तिथं ती फुलं गाळून दारू काढत. आणि इकडं, १८९२ मध्ये, मुंबई इलाख्यात मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा झाला. तिकडं फुलाचा माल, इकडं फुलाचा गुन्हा. इंग्रज गेले. फुलाचा गुन्हा राहिला. मोहफूल जवळ किती ठेवायचं, कुठं न्यायचं, यावर दारूबंदी कायद्याखाली निर्बंध होतेच; राज्य सरकारनं ते उठवले २०२१ मध्ये. स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी.

द्राक्षाला एवढी वाट बघावी लागली नाही. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानं राज्यातल्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली. नाशिकला वायनऱ्या उभ्या राहिल्या, दिंडोरीत फ्रेंच कंपनीही आली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, विरोध झाला. सरकारनं कारण काय दिलं होतं? शेतकऱ्याचं हित. नाशिकचा द्राक्ष उत्पादक कष्टाळू माणूस आहे, त्याचं भलं व्हावं. पण मग मोह वेचणारी बाई कोण आहे? तिच्या वाळवलेल्या फुलाला केंद्रानं २०२० मध्ये किमान भाव ठरवला किलोला ३० रुपये. त्या पुण्याच्या बिस्ट्रोत पाण्याची बाटली याहून महाग होती.

आणि डहाणूची एक डिस्टिलरी मोहाचं मद्य सुंदर बाटलीत भरून २०२४ पासून 'सिक्स ब्रदर्स महुरा' या नावानं विकते आहे. गोव्यात डेसमंड नाझरेथ यांनी त्याआधीच मोहाचं मद्य बाजारात आणलं. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये वारसा मद्याचं धोरण केलं आणि अलिराजपूर-डिंडोरीच्या आदिवासी बचत गटांना परवाने दिले. या सगळ्यांनी कायद्यानं काम केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आपल्या भाषेबद्दल आहे. बाटलीत भरलं की 'वारसा'. बाईच्या मडक्यात असलं की 'मोहसडवा'. दर आठवड्याला वर्तमानपत्रात बातमी येते: इतके लिटर मोहसडवा नष्ट. एकाच फुलाला दोन शब्द लावायचे, तर ते कुणाच्या हातात आहे यावरून लावायचे नाहीत.

इथं मला थांबून एक गोष्ट नीट सांगायची आहे, नाहीतर लोक म्हणतील, हा माणूस गडचिरोलीत दारूचं दुकान मागतोय.

मागत नाही. गडचिरोलीची १९९३ ची दारूबंदी मंत्रालयाच्या लहरीवर आलेली नाही. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून, गावोगावच्या बायकांच्या रेट्यातून ती आली. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेनं तो लढा लावून धरला. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात बंदी लागू झाली, २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानं ती उठवली, जुलैत दुकानं उघडली. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ज्या घरात मार खाल्ला जातो, त्या घरातल्या बाईला 'एक पेला दीड तास' हे सांगून चालत नाही. मोहाची दारूही दारूच आहे. नवसागर टाकून कुणी हातभट्टी लावतो आणि तिला संस्कृती म्हणतो, तेव्हा तो त्या संस्कृतीचाही अपमान करतो.

मग ठरवायचं कुणी? याचं उत्तर संसदेनं १९९६ मध्येच लिहून ठेवलंय. पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दोन्ही गोष्टी दिल्या: गौण वनोपजाची मालकी आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार. म्हणजे फूलही तिचं आणि फुलाचं काय करायचं हा निर्णयही तिचा. गावातल्या बायका नाही म्हणाल्या तर नाही. त्या लाडू म्हणाल्या तर लाडू. मंत्रालयानं किंवा मुंबईच्या गुंतवणूकदारानं त्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही.

ग्रामसभेला व्यवहार कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाला जावं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश तिथं आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती, देवाजी तोफा यांच्याकडे दिलं. गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. ज्यांना बांबू विकता येतो, त्यांना वास्त्यांची भाजीही विकता येते. फक्त त्यासाठी टेबल, खुर्ची आणि वर छप्पर पाहिजे.

तर माझी मागणी सरळ आहे. चंद्रपूरच्या बसस्थानकाजवळ, ताडोब्याच्या मोहर्ली आणि कोलारा दारांवर, गडचिरोलीत चामोर्शी रस्त्यावर छोट्या खाण्याच्या जागा काढा. दहा टेबलं पुरे. चालवतील ग्रामसभा आणि बचत गट. वाईन नको, पेलाही नको. द्रोण पाहिजे. आणि फळा पाहिजे, खडूनं लिहिलेला: आज काय आहे, कुठल्या गावचं आहे, कुणी वेचलं, कुणी रांधलं. भात असेल तर त्यावर लिहा: वाण एचएमटी, दादाजी खोब्रागडे, नांदेड, तालुका नागभीड. मोहाचा लाडू असेल तर झाड लिहा. पदार्थाची किंमत पुरी लावा, त्यात संकोच नको. शहरातला माणूस अळंबीच्या पाच तुकड्यांना सातशे रुपये देतो. मी दिले आहेत. सात्यांना तो हजार देईल, जर त्याला कुणी सांगितलं की त्या वर्षात किती थोडे दिवस उगवतात.

ही घाई कशासाठी, तेही सांगतो. सुरजागडचं लोखंड निघतं आहे, कोनसरीला कारखाना उभा आहे, गडचिरोली देशाचं पोलाद केंद्र होणार असं सरकार रोज सांगतं. त्याबरोबर बाहेरचे अधिकारी, अभियंते, कंत्राटदार येतील. त्यांच्यासाठी हॉटेलं येतील. मंद पिवळा उजेडही येईल. पाच वर्षांत गडचिरोलीत छोट्या ताटल्या मिळायला लागतील, यात मला शंका नाही. त्यांत बीट असेल, चीज असेल. वास्ते नसतील. वास्ते वेचणारी बाई मागच्या मोरीत भांडी घासत असेल. तोपर्यंत वाट बघितली, तर मग माझ्यासारख्यानं दुसरा लेख लिहून काही होणार नाही.

हे अन्न स्वस्तात येत नाही, हेही शहराला कळू द्या. मोह वेचायला, तेंदूपान तोडायला बायका रानात जातात, आणि त्याच दिवसांत वाघही पाण्याकाठी असतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या बातमीनंतर दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. फ्रेंच बागवानाच्या बाटलीमागची गोष्ट गारपिटीची असते, दंवाची असते. आमच्या फुलामागची गोष्ट ही आहे, आणि ती फळ्यावर लिहिता येणार नाही एवढी मोठी आहे.

मागच्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडे जाताना एका गावी थांबलो होतो. बचत गटातल्या एका बाईनं मोहाचे लाडू केले होते, तीळ घालून. द्रोणात दोन दिले. मी म्हणालो, "ताई, फार गोड आहेत, गूळ किती घातला?" ती म्हणाली, "गूळ कायले घालू जी? फूलच गोड हाय." मी पैसे विचारले तर तिनं पाहुण्याकडून घ्यायचे का, यावर बराच वेळ विचार केला. शेवटी दहा रुपये घेतले. मला ते दहा रुपये अजून टोचतात.

भाचीला हे सगळं त्या टेबलावरच सांगितलं. ती पेला बाजूला ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामा, तुम्ही हे मला लहानपणी कधी खायला का घातलं नाही?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही तिला दर सुट्टीत चंद्रपूरला आणायचो आणि आइस्क्रीम खायला न्यायचो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती येतेय. नागपूरहून बस पकडून चंद्रपूर, दुसऱ्या दिवशी धानोरा. पहाटे चारला उठावं लागेल, टोपली त्या ताईंकडे आहे. आणि मोहाखाली एकटीनं पुढं जायचं नाही, बायकांच्या मधे राहायचं, हे मी तिला फोनवर दोनदा सांगून ठेवलंय.